‘त्यांनी’ नव्हे, ‘त्याने’

ताई, मी २७ वर्षांची आहे, पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. आईवडील नाशिकरोडला असतात. मी शाळेत असताना आई खूप आजारी पडली. तेव्हा एका फेलोशिपचे लोक रोज घरी येऊन प्रार्थना करायचे, डबा आणायचे. आई बरी झाली आणि आम्ही सगळेच तिथले झालो. तिथे पास्टरांना सगळे ‘पप्पा’ म्हणतात. नोकरी कुठे करायची, लग्न कुणाशी करायचं, दिवाळीत शेजाऱ्यांकडे फराळाला जायचं की नाही, हे सगळं तेच ठरवतात. कुणी किती दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला ते मोठ्याने वाचून दाखवतात. ‘बंडखोरी’ केली की उपास, आणि रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून कबुली. मी १६ वर्षांची असताना ते मला शनिवारी दुपारी ऑफिसात आत्मिक मार्गदर्शनाला बोलवायचे. तिथे तो प्रकार व्हायचा. दीड वर्ष. त्यांच्या मिसेसना, आंटींना, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्यात ईजबेलचा, म्हणजे बायबलमधल्या त्या दुष्ट राणीचा, आत्मा आहे. मला तीन दिवस उपास करायला लावला आणि त्यांचीच क्षमा मागायला लावली. २२व्या वर्षी नोकरीच्या निमित्ताने बाहेर पडले. आता माझ्या १४ वर्षांच्या मामेबहिणीला शनिवारी बोलावणं येतंय. मी आईला सगळं सांगितलं. ती रडली, आणि म्हणाली, क्षमा कर, अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडलेल्या माणसाला, हात लावू नकोस. आधीच आपल्या लोकांवर सगळ्यांचा डोळा आहे, तू बोललीस तर त्यांच्या हाती कोलीत मिळेल. मैत्रीण म्हणते फेसबुकवर लिही. मी येशूला सोडलेलं नाही, पण चर्चच्या दारात गेलं की पोटात ढवळतं. मी काय करू?

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले बरेच तपशील बदलले आहेत.)

प्रिय मुली,

आधी तुझ्या मामेबहिणीबद्दल, कारण वाचकांच्याही मनात पहिली काळजी तीच आली असेल. ही गोष्ट सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी आपण फोनवर बोललो, आणि तिच्यासाठी जी पावलं उचलायची होती ती हे छापून येण्याआधीच उचलली गेली आहेत. त्याबद्दल इथे यापुढे एक शब्दही लिहिणार नाही. पण अशा घरातल्या इतरांसाठी सांगते. एखाद्या मुलावर अत्याचार झालाय हे कळलं किंवा होईल अशी रास्त भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं हे २०१२च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. १०९८ हा मुलांसाठीचा फोन रात्री-अपरात्रीही चालतो. ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणत घरातल्या घरात मुलीची उलटतपासणी करत बसू नका, खात्री करणं हे तपास करणाऱ्यांचं काम आहे.

आता तुझ्याकडे येते.

तुझं पत्र वहीच्या आठ पानांवर होतं, आधी पेन्सिलीने लिहिलेलं आणि मग त्यावरून पेन फिरवलेलं. ते वाचताना एक गोष्ट मला दिसली, जी तुला लिहिताना दिसली नसेल. ‘त्यांनी दार लावलं.’ ‘त्यांनी मला जवळ ओढलं.’ ‘मग ते म्हणाले, आता प्रार्थना करू या.’ आठही पानांत आदरार्थी बहुवचन. आणि स्वतःबद्दल? ‘मी मूर्ख होते.’ ‘मला कळायला हवं होतं.’ अकरा वर्षं उलटली, गाव बदललं, स्वतःच्या पगारावर जगतेस, तरी तुझी क्रियापदं अजून त्या ऑफिसच्या दारात हात जोडून उभी आहेत. हा तुझा दोष नाही. ज्या घरात ‘पप्पा’ हा शब्द सख्ख्या वडिलांकडून काढून दुसऱ्याला दिला जातो, तिथे मुलीची भाषासुद्धा काढून घेतली जाते. या उत्तरात मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. तुला जमेल तेव्हा तूही म्हण, घाई नाही.

आणि जे घडलं त्याला तू ‘तो प्रकार’ म्हणतेस. त्याला कायद्यात नाव आहे: बालकावरचा लैंगिक अत्याचार. तू १६ वर्षांची होतीस. १८ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत ‘तिची तयारी होती का’ हा प्रश्न कायदा विचारतच नाही. शिवाय धार्मिक संस्था चालवणाऱ्या किंवा तिथे काम करणाऱ्या माणसाने त्या संस्थेतल्या मुलावर अत्याचार केला, तर पोक्सो तो गुन्हा जास्त गंभीर धरतो. कायदा लिहिणाऱ्यांना माहीत होतं की अशा खोलीत त्या माणसाच्या पाठीशी देवाला उभं केलेलं असतं. तू ओरडली नाहीस याची तुला अजून लाज वाटते. भीतीने शरीर गोठतं, आवाज बसतो, मन छताकडे बघत राहतं. तू लिहिलंयस, ‘मी पंख्याची पाती मोजायचे, तीनच होती, तरी परत परत मोजायचे.’ त्या वयातल्या मुलीला स्वतःला वाचवण्याचा तेवढाच मार्ग सापडला होता, आणि तिने तो धरला.

आईने तुझ्यापुढे जी वचनं ठेवली, त्यांवर थोडं थांबायला हवं. मी स्वतः नाशिकच्या शरणपूर भागात वाढले. रविवारची उपासना, नाताळातली गाणी, घराघरातली कॉटेज प्रार्थना हे माझंही बालपण आहे. त्यामुळे ती वचनं मी बाजूला सारणार नाही, उलट ती पूर्ण वाच असंच म्हणेन. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे बायबलच्या स्तोत्र १०५ मधलं आहे. त्याच्या आधीच्या तीन ओळी काढून बघ. तिथे मूठभर परक्या माणसांची गोष्ट आहे, जी या राष्ट्रातून त्या राष्ट्रात भटकत होती. त्यांना धक्का लागू नये म्हणून देव राजांना दटावतो आहे. म्हणजे हे वचन दुबळ्याच्या बाजूने सत्तेला सांगितलेलं आहे. तुमच्या फेलोशिपमध्ये ते उलटं करून सत्तेच्या दारावर पाटीसारखं लावलं आहे. आणि दावीद तर खराखुरा अभिषिक्त राजा होता. त्याने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला लावलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ नाथानमध्ये बंडखोर आत्मा आहे असं कुणी म्हटल्याचं मला तरी कुठे सापडत नाही.

त्याच्या पुढच्याच अध्यायात दाविदाची मुलगी तामार आहे. तिच्यावर सावत्र भाऊ बळजबरी करतो. ती डोक्यात राख घालते, अंगातला झगा फाडते, मोठ्याने रडत चालू लागते. सख्खा भाऊ तिला म्हणतो, आता गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. बाप चिडतो आणि काहीच करत नाही. हा अध्याय मी मंडळीत किती वेळा ऐकला असेन? एकदाही आठवत नाही. तुझ्या आंटींनी आणि आईने तुला जे सांगितलं, ते त्या भावाच्या तोंडचंच वाक्य आहे.

क्षमेबद्दल माझं मत सरळ आहे. क्षमा ही तुझ्या मनातली गोष्ट आहे, ती आज होईल, दहा वर्षांनी होईल, कदाचित होणारही नाही, आणि ती मागायला तुझ्या दारात कुणी आलेलं नाही हेही लक्षात ठेव. तक्रार ही दुसरीच गोष्ट आहे. क्षमा केलेल्या माणसाच्या हाती आपण पुन्हा किल्ल्या देत नाही. कुणी मत्तय १८ दाखवून म्हणेल, ‘आधी एकटी जाऊन त्याच्याशी बोल.’ एकटीने त्याच्याकडे अजिबात जायचं नाही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलं तर बरं, असं येशू म्हणतो. पान तेच आहे. आणि ‘विश्वासणाऱ्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं सांगणाऱ्यांना प्रेषितांची कृत्ये २५ दाखव. पौलावर अन्याय होतोय असं त्याला वाटलं तेव्हा त्याने त्या काळच्या सरकारकडे, थेट रोमच्या कैसराकडे, न्याय मागितला.

आता कोलीत. तुझ्या आईची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. प्रार्थनेला जमलेल्या माणसांकडे संशयाने बघितलं जातं, धर्मांतराच्या नावाने गोंधळ होतो, हे सगळं आपण पाहतो. तुझी आई एकदा मरणाच्या दारातून परत आली, ती या माणसांच्या डब्यांवर आणि प्रार्थनांवर. तिच्या डोळ्यांपुढे तो नाही, ती माणसं आहेत. पण कोलीत तू पेटवलेलं नाहीस. ते शनिवारी दुपारी बंद दाराआड पेटलं, आणि आंटींना कळलं त्या दिवशी विझवता आलं असतं. बाहेरच्या धोक्याचं नाव घेऊन आतल्या मुलींना गप्प बसवलं, तर मंडळी सुरक्षित होत नाही. सुरक्षित होतो तो एकटा. आज डबे पोचवणाऱ्या त्या बायकांच्याही मुली आहेत.

यात तुझ्या हातात एक गोष्ट मात्र आहे: सांगायचं कुठे. पोलिसात दिलेल्या जबाबात माणूस असतो, कृत्य असतं, जागा आणि काळ असतो. धर्म आरोपी नसतो. पण हे बाहेर आलं की तुझ्या दुःखाचा झेंडा करायला कुणीतरी धावून येईल, गाडी पाठवतील, वकील देऊ म्हणतील, कॅमेऱ्यापुढे बस म्हणतील. त्यांना नम्रपणे नाही म्हण.

आणि हे फक्त आपल्यातच घडतं असंही नाही. आसारामच्या खटल्यात तक्रार करणारी मुलगी १६ वर्षांची होती आणि तिचे आईवडील त्याचे भक्त होते. २०१३ साली मुलीने सांगितलं, त्यांनी तिचं ऐकलं आणि पोलिसात गेले. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. आपल्याकडे पाहायचं तर रवी झकारियस या नावाजलेल्या ख्रिस्ती प्रवचनकारांची पुस्तकं अनेक ख्रिस्ती घरांच्या कपाटात आहेत. एका बाईने त्यांच्याविरुद्ध तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांचीच बाजू उचलून धरली. २०२० मध्ये ते वारले आणि २०२१ साली संस्थेनेच नेमलेल्या तपासात त्यांनी अनेक बायकांचं लैंगिक शोषण केल्याचं बाहेर आलं. संस्थेला माफी मागावी लागली. प्रवचन किती रसाळ आहे यावरून बंद खोलीतला माणूस ओळखता येत नाही.

पुढे काय करायचं ते तुझ्या सवडीने ठरव, पण रस्ता माहीत असू दे. उशीर झालाय असं तुला वाटतं. इतक्या गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते. तुझ्यावरचा अत्याचार पोक्सो लागू झाल्यानंतरचा आहे, म्हणून तुझ्या प्रकरणालाही तोच कायदा लागतो. नाशिकला यायचीही गरज नाही. पुण्यातल्या जवळच्या ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ नोंदवता येतो आणि तो नाशिकला पाठवला जातो. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावा असा आग्रह धर, एफआयआरची प्रत फुकट मिळते ती घेऊनच बाहेर पड. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर किंवा १५१०० वर फोन कर. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेची चौकशीही तिथेच कर. इतक्या वर्षांनी पुरावा गोळा करणं कठीण जातं, हे तुझ्यापासून लपवत नाही. खटला लांबेल, निकाल मनासारखा लागेलच असं नाही. म्हणून ‘निकाल लागला तरच माझं खरं’ अशी गाठ मनात मारून घेऊ नकोस.

ठाण्यात जाण्याआधी एक काम कर. आठवतं ते सगळं तारीख घालून लिहून ठेव: ऑफिस कुठल्या मजल्यावर होतं, पंखा, तेव्हा तू कितवीत होतीस, आंटींना कुठे आणि कधी सांगितलंस. तेव्हा कुणा मैत्रिणीला ओझरतं काही बोलली असशील तर तिचं नाव. जुने मेसेज असलेला फोन विकू नकोस. आणि पहिल्या दिवशी एकटी जाऊ नकोस.

फेसबुकचं म्हणशील तर आज नको. बोलण्याचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि एक बाई उघड बोलली म्हणून दुसऱ्या चौघींना बळ आलं असंही होतं. पण पोस्ट टाकली की दुसऱ्या दिवशी ती तुझी राहत नाही. त्याचे लोक पुरावे पुसतील, साक्षीदारांना गाठतील, बदनामीची नोटीस पाठवतील. योग्य अधिकाऱ्याकडे सद्‌हेतूने केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यात जे संरक्षण आहे, तितकं पक्कं संरक्षण पोस्टला नाही. आधी तक्रार, मग वकिलाशी बोलून हवं तर लेखन. आणि पीडित मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे मामेबहिणीचा उल्लेखही कुठे येता कामा नये.

बहिष्काराची तुला भीती आहे: वडिलांशी कुणी बोलणार नाही, आईला महिला मंडळातून काढतील, उद्या मेलं तर पुरायला कुणी येणार नाही. २०१३ साली आपल्या नाशिकमधूनच अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी केली. पुढे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, २०१७ पासून तो लागू आहे. त्यातला ‘समाज’ म्हणजे फक्त जात नाही, धर्म किंवा पंथाने बांधलेला गटही त्यात येतो. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुझ्या फेलोशिपला हे ठाऊक नसेल, तुला असू दे. दशांशाच्या पैशांबद्दलही प्रश्न असतील. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर हिशेबाची तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे जाते. पण हा पुढचा विषय, दोन्ही एकत्र करू नकोस, नाहीतर ते म्हणतील भांडण पैशाचं आहे.

हे वाचणाऱ्या इतर आईबापांसाठी एवढंच. तुमच्या मंडळीत पाळकाला प्रश्न विचारता येतो का? मुलामुलीला बंद दाराआड एकटं बोलावलं जातं का? मंडळी सोडून गेलेल्यांबद्दल चांगलं बोललं जातं का? कॅथलिक चर्चमध्ये वर बिशप असतात आणि धर्मगुरूंनी व नन्सनी अशी माहिती वरिष्ठांना दिलीच पाहिजे असा नियम पोपनी २०१९ मध्ये घातला. सी.एन.आय.सारख्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) जुन्या मंडळ्यांतही बिशप आणि समित्या असतात. म्हणजे तिथे अत्याचार होत नाहीत असं नाही, दारं ठोठवावी लागतातच. पण एका माणसाने काढलेल्या फेलोशिपमध्ये ठोठवायला दारच नसतं. तिथे पहिलं दार पोलिसांचंच.

श्रद्धेबद्दल तू फार जपून विचारलंयस, जणू मी रागावेन. चर्चच्या दारात पोटात ढवळत असेल तर सध्या जाऊ नकोस. देवाला हजेरीपट नको आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या आणि लगेच तिथल्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले. त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं चढवून घेणार नाही. त्यांनी येशूला सोडलं नाही आणि मानही वाकवली नाही. लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत, स्वतःच्या मनाला पटेपर्यंत काही वर्षं थांबल्या. तूही थांबू शकतेस. तोवर रात्री झोप लागत नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, आणि अशा आघातांवर काम केलेल्या समुपदेशकाकडे नियमित जायला लाग. प्रार्थना आणि उपचार दोन्ही चालतात.

शेवटी आई. तिने तुझ्यावर विश्वास ठेवला नाही असं तू म्हणतेस. मला तसं वाटत नाही. ती रडली. खोटं वाटलं असतं तर ती चिडली असती. तुझं खरं मानायचं तर तिला हेही मानावं लागेल की दर शनिवारी तिनेच तुला केस विंचरून तिथे पाठवलं होतं. हे एका दिवसात कुठल्याही आईला झेपत नाही, त्यासाठी तिला वेळ लागेल. तुझी तक्रार तिच्या परवानगीवर अडवून ठेवू नकोस, पण तिच्याशी बोलणंही तोडू नकोस. तुझ्याशी बोलू नको असं तिला आता रोज सांगितलं जाईल. रविवारी दुपारी, उपासना संपून ती घरी पोचली की फोन कर. त्याचं नाव काढू नकोस. गुडघे कसे आहेत विचार, जेवायला काय केलंय विचार. तिने फोन ठेवला तर पुढच्या रविवारी परत कर.

तुझी,
ताई